"नुसती घाबरवायला" बंदूक हवीय म्हणे!

आज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहिले, तर पाखरांच्या दाण्याखाली एक करडी खार. मला बघूनही पळेना. पुढचे दोन पाय रोवायची आणि मागचं धड ओढायची, परत रोवायची, परत ओढायची. कमरेत छर्रा. कुणी मारला, कुठून फरपटत आली, देव जाणे. मी कप कठड्यावर ठेवला, कुलूप काढून बंदूक आणली आणि तिचं संपवलं. उचलताना पाहिलं, मादी होती, अंगावर दूध होतं. मार्च चाललाय. म्हणजे कुठल्यातरी झाडावरच्या घरट्यात डोळे न उघडलेली पिल्लं आहेत आणि आता ती उपाशी मरणार. चहा तसाच ओतून दिला.

दुपारी फोन उघडते, तर इथल्या, इंग्लंडमधल्या, मराठी ग्रुपवर एका गृहस्थांचा प्रश्न: "खारींनी अंगणात उच्छाद मांडलाय. स्वस्तातली एखादी एअरगन सुचवा. मारायचं नाहीये हो, नुसतं घाबरवायला." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथे लिहिलं असतं तर पुढची पाच वर्षं गणपतीला कुणी बोलावलं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

घाबरवायला? अहो, दार उघडा आणि टाळी वाजवा. फुकट आहे.

मी दहा वर्षांची होते. मे महिना, गुहागरजवळचं आमचं आगर. मुंबईहून आलेल्या दादाकडे (चुलत भाऊ) एक जुनी एअरगन होती. तिची स्प्रिंग इतकी ढिली की पत्र्याच्या डब्याला नुसता पोचा यायचा. "लागलं तरी काही होत नाही," म्हणायचा. चिकूवर खार होती, अर्धे चिकू कुरतडून खाली टाकत. बंदूक चालली आणि खार पाटाच्या कडेला पडली. मेली नाही. दुपारची जेवणं झाली, मोठी माणसं लवंडली, तरी ती तिथेच हलत होती. लागलं तरी काही होत नाही ते हे.

म्हणून स्पष्ट सांगते. कमी ताकदीची बंदूक ही दयाळू बंदूक नव्हे, सगळ्यात क्रूर तीच. इंग्लंडमध्ये बारा फूट-पाउंडांपर्यंतची (हे छर्ऱ्याच्या ताकदीचं माप) एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. घ्यायचीच तर पूर्ण बाराच्या आसपासची घ्या. पिस्तुलाची मर्यादा सहाची आहे, ते पत्र्याच्या डब्यांसाठी ठीक. गॅसच्या नळकांडीवर चालणाऱ्याही येतात, पण थंडीत त्यांचा दाब पडतो, आणि आमच्या कम्ब्रियात (इंग्लंडच्या उत्तर टोकाला) थंडी कधी नसते ते मला कळवा. पॉइंट वन सेव्हन सेव्हन की पॉइंट टू टू (छर्ऱ्याचे दोन आकार, इंचांत) यावर पुरुषमंडळी रात्र जागवतात. साडेचार मिलिमीटरचा छर्रा सरळ जातो, साडेपाचचा जड असतो पण लवकर खाली झुकतो. डोक्यात बसला तर दोन्हींनी खार जागच्या जागी मरते, पोटात बसला तर दोन्हींनी माझ्या अंगणात येऊन मरते.

खरा फरक स्प्रिंगवाली आणि हवा भरलेली यांत आहे. स्प्रिंगवाली स्वस्त, नळी मोडून भरायची, पण चाप ओढला की आतला दट्ट्या धावतो आणि छर्रा नळीतून सुटायच्या आधीच सगळी बंदूक हलते. तिच्यावर हात बसायला महिने लागतात. पीसीपी म्हणजे आधीच दाबाने हवा भरलेली. ती हलत नाही, नेम सोपा. पण महाग, वर पंप नाहीतर पाणबुड्यांसारखं सिलिंडर हवं. स्प्रिंगवर अचूक मारणारे आहेत, मान्य. प्रश्न विचारणारे गृहस्थ त्यांतले नाहीत, एवढंच.

आणि दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. इथलं दोन पेन्सचं नाणं साधारण सव्वीस मिलिमीटर. पंचवीस मीटरवरून दहाच्या दहा छर्रे त्या नाण्यात बसेपर्यंत जिवंत प्राण्याकडे नळी वळवू नये. मला चार महिने लागले. चार महिने मी कागदावर मारत होते आणि नवरा खिडकीतून "झाशीची राणी" म्हणून हाका मारत होता.

शिवाय छर्रा कुंपणाबाहेर गेला तर तो गुन्हा आहे. चिकटून चिकटून घरं, पाच पावलांची बाग, त्यापलीकडे शेजाऱ्यांच्या मुलांचं ट्रॅम्पोलिन, आणि तुम्ही खार फांदीवर असताना वर नेम धरणार? स्कॉटलंडच्या मंडळींना तर २०१६ च्या अखेरीपासून एअरगन बाळगायलाही सर्टिफिकेट लागतं.

आता दुसरी पार्टी. "शी, पाप आहे, खार म्हणजे रामाची!" आमच्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत हो, लहानपणी मीही ती मोजलीत. या करड्या खारीच्या पाठीवर एक रेघ नाही. ती अमेरिकेतून आणलेली. १८७६ साली चेशरमधल्या एका बड्या इस्टेटीत हौसेनं सोडली. तिच्यासोबत देवीसारखा एक रोग फिरतो. तिला स्वतःला सहसा काही होत नाही, इथली मूळची तांबडी खार मात्र एक-दोन आठवड्यांत जाते. दोन वर्षांपूर्वी आमच्या भिंतीपाशी एक तांबडी बसलेली सापडली, डोळे फोडांनी मिटलेले. तेव्हा मी बंदूक घेतली. पाप म्हणणारे हेच लोक माळ्यावर वायरी कुरतडल्या की माणूस बोलावतात आणि तो पिंजऱ्यातल्या खारीचं काय करतो ते विचारत नाहीत. लांब नेऊन सोडत नाही, कायद्याने सोडताच येत नाही.

बरं, चिडून काय होणार. माळ्याची फट आधी बुजवा. दाण्याला जाळी लावा. बहुतेकांचं काम तिथेच भागतं, हे मला कबूल करावंच लागेल, बंदूकवाली असूनही.

त्या दुपारी आजोबा पोफळीला पाणी सोडून आले, तेव्हा त्यांना ती खार दिसली. कोयत्याच्या पाठीनं त्यांनी एकच घाव घातला. मग विचारलं, "कोणी मारली?" दादा म्हणाला, "मी." आजोबांनी त्याला फोकानं बडवला. "मारायची तर नीट मारायची," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दादानं नव्हती मारली. चाप मी ओढला होता. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते आणि गप्प राहिले.

आज सगळं उरकल्यावर त्याला फोन केला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगावं म्हणून. तो डोंबिवलीच्या गर्दीत कुठेतरी होता. म्हणाला, "कुठली खार?" दोनदा आठवण करून दिली. "आजोबांनी मला बडवलं? ते तर वर्षातून चारदा बडवायचे," म्हणून हसला, आणि आंब्याच्या पेट्यांचं काय करायचं ते विचारायला लागला.

तर ग्रुपवरच्या गृहस्थांनो (तुम्ही हे वाचणार, मला माहितीये), दुकानात जायच्या आधी एका रविवारी आमच्या गावी, पेनरिथला या. माझी बंदूक देते, कागद लावते. दहा छर्रे मारा. जेवण आमच्याकडेच. मी संध्याकाळी आसपासची सगळी झाडं पाहून आले, घरटं काही सापडलं नाही.