ठिबकचं अनुदान कुणाला जमा झालं, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे

पीएम-किसानची गाववार यादी कुणालाही मोबाईलवर बघता येते. वर्षाला 6000 रुपये, तीन हप्ते, नावं समोर. ठिबकचं अनुदान यापेक्षा कितीतरी मोठं, अल्पभूधारकाला मापदंडाच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या, 80 टक्के, बाकीच्यांना 75 टक्के. त्याची मात्र निवड झालेल्यांची यादी लागते आणि गाव तेवढ्यावर गप्प बसतं.

निवड म्हणजे पैसे नव्हेत. निवडीनंतर कागदपत्रं, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी म्हणजे रानात येऊन केलेली पाहणी, आणि मग खात्यावर जमा. गडबड होते ती बिल आणि मोका तपासणी यांच्यामध्ये. म्हणून यादी मागायची ती प्रत्यक्ष जमा झालेल्यांची.

बिलात काय बघायचं? लॅटरलमधलं, म्हणजे सरीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांमधलं अंतर. मापदंड त्यावरच ठरतो. अंतर कमी तर नळी जास्त आणि अनुदानही जास्त. एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. प्रत्येक सरीला एक लॅटरल धरली तर पाच फुटी सरीला साधारण 2650 मीटर नळी लागते, चार फुटीला 3320. रानात पाच फुटी आणि बिलात चार फुटी असेल, तर एकरामागं साडेसहाशे मीटरच्या वर नळी नुसती कागदावर. तपासणीला आलेल्या माणसानं टेप लावला नाही तर त्याला हे कळायचं नाही. शेजारच्या बांधकऱ्याला मात्र बघताक्षणी कळतं, कारण दोन्ही रानांत सरी एकाच ट्रॅक्टरनं सोडलेली असते.

म्हणून फळ्यावर नाव, गट नंबर, क्षेत्र, लॅटरलचं अंतर, रक्कम, मोका तपासणीची तारीख आणि वितरकाचं नाव, एवढं हवंच. वितरकाचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुष्कळदा शेतकऱ्याची फक्त सही असते, बाकी सगळे कागद दुकानातच तयार होतात. आधार, खाते नंबर, मोबाईल यातलं काहीही लावू नये. शेतकऱ्याला चोर ठरवण्यासाठी हे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडं अति पाण्यानं रानं क्षारपड झालीत, तिथं ज्याला ठिबक खरोखर हवंय त्याचा नंबर खोट्या बिलामुळं मागं पडतो, हे मला सहन होत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ब) मधली बारावी बाब सांगते की अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करावा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं याच कायद्यातलं वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, ‘आठ एक जे’, बदललंय, त्यामुळं ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो. तेव्हा पहिल्या अपिलात ही बारावी बाब आणि सार्वजनिक हिताचं कलम 8(2), दोन्ही लिहा.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस. पुढचे 30 दिवस अपिलाला, त्याला स्टॅम्प 20 रुपयांचा. मजकूर असा टाका:

‘मौजे (गावाचं नाव) येथे मागील तीन आर्थिक वर्षांत सूक्ष्म सिंचन अनुदान प्रत्यक्ष जमा झालेल्या लाभार्थ्यांची नाव, गट क्रमांक, क्षेत्र, लॅटरल अंतर, वितरक, रक्कम व मोका तपासणी दिनांक यांसह यादी मिळावी. आधार व बँक खाते क्रमांक वगळावेत.’