फोंड्यात बसून गुलमर्गचा बर्फ

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात थंडी मोजायचं एकच यंत्र: न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली. पारा २४ अंशांच्या खाली उतरला की तेल थिजतं आणि घरात स्वेटरची शोधाशोध सुरू होते. अशा घराने स्कीइंगला गुलमर्गची तिकिटं काढली, की तिथला बर्फाचा अंदाज वाचायचं काम आपसूक माझ्या गळ्यात.

पहिली फसगत उंचीची. मोबाईल एकच आकडा दाखवतो, उणे २. पण कुठला? गाव २,६५० मीटरवर, गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा ३,०५० च्या आसपास, दुसरा अफरवट डोंगराच्या अंगाला जवळजवळ ३,९५० वर. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घसरतं. म्हणजे गावात उणे २ असेल तर वर उणे १०, आणि वारा कान कापून नेतो तो वेगळाच.

म्हणून मी आधी शून्य अंशाची पातळी बघतो, म्हणजे किती उंचीवर तापमान शून्याला येतं ते. हिमकण वितळायला वेळ घेतात, त्यामुळे बर्फ त्या पातळीच्या खाली दोन-तीनशे मीटर तग धरतो. पातळी ३,००० वर असेल तर अफरवटला पांढरंशुभ्र आणि गावात पाऊस. पाऊसच बघायचा तर विमानाला पैसे कशाला? जुलैत वाळपई आहेच की.

मग येतात मिलिमीटर. "१२ मिमी फक्त?" मावशी हिरमुसते. बरोबर आहे, एवढ्याला आमच्याकडे कोणी छत्रीही उघडत नाही. पण १ मिमी पाण्याचा ढोबळमानाने १ सेंटीमीटर बर्फ होतो. हवा कोरडी-गार असली तर दीड, शून्याजवळ असली तर निम्मा, तोही चिखलासारखा जड. त्या हिशेबाने आपला १०० मिमीचा एक आषाढी दिवस म्हणजे कमरेला लागेल एवढा बर्फ. मावशीला हे पटतं, आवडत नाही.

हा बर्फ आणतात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. ते आलेच नाहीत तर २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलान', म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळही, कोरडा जातो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडेबोडके पडले होते. झंझावात चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी दिसतो. पंधरा दिवसांचा अंदाज मात्र मी पंचांगाशेजारी ठेवतो, आणि त्यातल्या त्यात पंचांगावर विश्वास जास्त.

खरी कटकट बर्फ थांबल्यावर. आकाश निळं, सगळ्यांना वर जायची घाई, आणि नेमका तोच दिवस वाईट. एका दिवसात ३० सेंटीमीटर ताजा बर्फ, त्यात वाऱ्याने तो उचलून आडोशाच्या उतारावर रचलेला. ३० ते ४५ अंशांच्या चढावर असा थर माणसाच्या वजनानेही सुटतो. म्हणून गोंडोल्याचा दुसरा टप्पा बंद ठेवतात. हिमस्खलनाच्या इशाऱ्याला पाच पायऱ्या असतात. "पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास!" असं आमच्याकडे म्हणतात. इथे तीन म्हणजे तीव्र उतारांपासून लांब राहा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मावशी बॅगेची चेन ओढत विचारते, "ते राहू दे रे. तिथं केसांना तेल कसं लावायचं?"

अंदाजात हा रकाना नाही.