पुण्यातल्या गारा आणि ध्रुवावरचे प्रतिध्वनी

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि दोन दिवसांत तोच नाशिकहून मामेबहिणीनेही पाठवला. त्यात म्हटलंय की अलास्कातल्या ‘हार्प’ या संशोधन केंद्रातून रेडिओ लहरी सोडून आकाश तापवतात, म्हणून उन्हाळ्यात ध्रुवाजवळच्या रडारला ८५ किलोमीटर उंचीवरून गूढ प्रतिध्वनी ऐकू येतात. तिथे पाणी नाही, ढग नाहीत, म्हणजे हे माणसाचंच काम. पुण्यात परवा पडलेल्या गाराही त्यामुळेच. शेजारचे काका घाबरून विचारायला आले, म्हणून नीट लिहिते.

आधी साल बघा. हे प्रतिध्वनी अलास्कातल्याच पोकर फ्लॅटच्या ५० मेगाहर्ट्झ रडारने टिपले, आणि त्यावरचा शोधनिबंध १९८१चा आहे. हार्पचं बांधकाम १९९३ला सुरू झालं.

‘तिथे पाणी नाही’ हेही खरं नाही. वाफ आहे, दहा लाख रेणूंत जेमतेम काही. पण ध्रुवाजवळच्या उन्हाळ्यात, सूर्य मावळत नसताना, तिथलं तापमान उणे १४० अंशांच्या आसपास जातं. त्या दिवसांत तिथली हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून फुगते आणि गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरा, तीच गारवाऱ्याची झुळूक. एवढ्या थंडीत तेवढीशी वाफही गोठते आणि बर्फाचे अतिसूक्ष्म कण होतात. त्यातले मोठे कण रात्री चमकणाऱ्या ढगांच्या रूपात नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि त्यांच्या नोंदी १८८५पासूनच्या आहेत.

रडारला मात्र हे कण थेट दिसत नाहीत. हे कण तिथल्या हवेतले सुटे इलेक्ट्रॉन धरून ठेवतात, जड असल्याने हलतात हळू, आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांनाही लवकर पांगू देत नाहीत. त्यामुळे हवेच्या खळबळीने उठलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बारीक लहरी टिकून राहतात. रडारची लाट ६ मीटरची असेल तर इलेक्ट्रॉनांच्या ३ मीटरच्या लहरींवरून ती परतते, तोच प्रतिध्वनी.

आता ‘तापवल्यामुळे’ हा दावा. तो तपासून झालाय. नॉर्वेत ट्रॉम्सोला हार्पसारखंच तापवणारं केंद्र आहे. तिथल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००० साली आले: हीटर चालू केला की प्रतिध्वनी मंदावतो, बंद केला की परत येतो. तापलेले इलेक्ट्रॉन झपाट्याने पांगतात आणि लहरी पुसल्या जातात. म्हणजे मेसेज म्हणतो त्याच्या अगदी उलट! शिवाय अंटार्क्टिकावरही हेच प्रतिध्वनी मिळतात, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत.

राहिल्या आपल्या गारा. वळवाचे ढग १२-१५ किलोमीटरपर्यंत चढतात. ८५ किलोमीटरवरची हवा जमिनीलगतच्या हवेच्या एक लाखांशाहूनही विरळ असते, तिच्यात पुण्यावर ढग उभा करण्याइतका जोर कुठून येणार? त्या दिवशी सकाळपासून घाम सुकत नव्हता. दुपारी दोनला मी गच्चीवर वाळवण उचलायला गेले तेव्हा कात्रजच्या डोंगरामागे फुलकोबीसारखा ढग फुगत होता. काकाही तिथेच होते. चारच्या सुमाराला पहिली गार पत्र्यावर पडली.