चोरी झाली की आधी बेड्यावर धाड?

कापूस घरात यायला लागला की हा मेसेज फिरतो. यंदा तो माझ्या मावशीच्या बचत गटाच्या ग्रुपवर आला आणि तिने चांगल्या मनाने पुढे पाठवला. त्यात म्हटलंय: पारधी ही जन्मजात गुन्हेगार जात, सरकारी यादीतच आहे, चोरी झाली की ठाणेदाराने आधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, धाड टाकावी, माल तिथेच सापडतो, संशयावरून पोलीस आठवडाभर ठेवू शकतात, ॲट्रॉसिटीमुळे त्यांना हात लावता येत नाही, आणि अनोळखी फिरस्ता दिसला की बांधून ठेवा. आठवडाभर ठेवताही येतं आणि हातही लावता येत नाही, हे दोन्ही एकाच मेसेजात!

सरकारी यादीचं आधी. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला. पारधी आज ज्या सरकारी यादीत आहेत ती अनुसूचित जमातींची. फासेपारधी, टाकणकार तिथे एकाच नोंदीत आहेत. सराईत गुन्हेगार ठरवताना कायदा त्या माणसाला झालेल्या शिक्षा बघतो, जात नाही.

खरं नुकसान दुसऱ्या मुद्द्याने होतं. माल तिथेच सापडतो, कारण शोधतातच तिथे. वावरातल्या विहिरीवरची मोटारीची केबल गेली, असं धरा. चोराला आतलं तांबं हवं असतं. वरचं प्लास्टिक तो नाल्यात किंवा धुऱ्याआड जाळतो आणि तार किलोच्या भावाने भंगारात घालतो. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत बघायचं ते हे: जळाल्याची काळी राख कुठे आहे, केबलचं टोक कशाने कापलंय, रात्री शिवारात कोणती गाडी आली, आसपासच्या भंगारवाल्यांकडे तांबं कोणी घातलं, रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात काय दिसतं. त्या कॅमेऱ्यातलं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत नव्याखाली पुसलं जातं. ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाने तेवढे दिवस बेड्यावरची पेट्या-गाठोडी उपसण्यात घालवले की तांबं वितळून जातं, चोर मोकळा राहतो आणि ऐन ओलिताच्या दिवसांत कास्तकार नव्या केबलसाठी उसनवारी करतो. धाडीने त्याचं काय भलं झालं?

आणि बेड्यावरून उचललेल्या पोरांचं काय होतं? गुन्ह्याशी संबंध निघत नाही, सोडून देतात. पण ठाण्याच्या कागदावर ‘संशयित’ म्हणून नाव चढलेलं असतं. पुढच्या चोरीत तीच नावं आधी काढली जातात, कारण ‘याच्यावर आधीही संशय होता’. मग प्रतिबंधक कारवाई, मग हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवायच्या माणसाची पोलिसांकडची नोंद. एकही शिक्षा नसताना फाईल जाड होते आणि ती जाड फाईलच पुरावा म्हणून दाखवली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात पोलिसांना थेट निर्देश दिलाय: विमुक्त जमातींच्या, म्हणजे इंग्रजांच्या त्या कायद्यातून सुटलेल्या पारध्यांसारख्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार (२०१४) आणि अमानतुल्ला खान (२०२४) या निकालांप्रमाणे वागा. पहिला सांगतो, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, गरज का आहे ते लिहायचं. दुसरा सांगतो, हिस्ट्रीशीटमध्ये डोळे झाकून नावं चढवू नका आणि वरिष्ठांनी त्या वेळोवेळी तपासाव्यात.

काही चोऱ्यांत पारधी आरोपी असतात, हे मान्य. एकेका बीट जमादाराच्या गळ्यात कितीतरी गावं असतात, म्हणून तो सोपी वाट धरतो, हेही मान्य. ज्याने चोरी केली त्याला पुराव्यानिशी पकडा. त्याच्या शेजारच्या पालातल्या माणसाला कशासाठी?

‘आठवडाभर’ तर साफ खोटं. अटकेपासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. संविधानाचं कलम २२ आहे. ‘नुसतं चौकशीला बसवलंय’ ही पळवाट चालत नाही. पहिल्या साध्या चोरीला कमाल तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणून आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस मागा. अटक झालीच तर अटक मेमोवर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. मारहाण झाली तर ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, असा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो: तालुका विधी सेवा समिती, फोन १५१००.

ॲट्रॉसिटी कायदा चोराला वाचवत नाही. पण खोटी माहिती देऊन पोलिसांकरवी आदिवासी माणसाला त्रास दिला तर तो गुन्हा आहे, आणि त्यांच्याविषयी द्वेष पसरवणारा मजकूर लिहिणं हाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी कलम ३(१) मधले क्यू आणि यू हे खंड वाचून घ्यावेत.

बांधून ठेवायचा सल्ला वाचून तर संताप येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवर डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. शंका आली तर ११२ ला फोन करा. सांगायचं ते एवढंच: कुठे, किती वाजता, काय करताना दिसला, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेने गेला. पोलिसांना माग काढायला हे लागतं. जात सांगायची गरज नाही.