'सातानटँगो'मधलं मांजर मेलेलं नाही

हंगेरियन दिग्दर्शक बेला टारबद्दलचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यात म्हटलंय, की त्याने कॅमेऱ्यासमोर मांजर मारलं, सात तासांचा सिनेमा एकाच शॉटमध्ये काढला, फिल्म स्कूलचं तोंडही पाहिलं नाही आणि प्रेक्षक मिळेनात म्हणून सिनेमा सोडला. हे वाचून माझ्या भाचीने त्याचं काही बघायचंच नाही असं ठरवून टाकलं, म्हणून लिहितोय.

आधी मांजराचं. त्याच्या १९९४च्या सात तासांच्या 'सातानटँगो' या सिनेमात एश्टिके नावाची लहान मुलगी मांजराला धरून जमिनीवर लोळते, जाळीच्या पिशवीत घालून टांगते, विष घातलेलं दूध पाजते. पुढे ताठ झालेलं मांजर काखेत धरून ती चालत राहते. कॅमेरा हलायचं नाव घेत नाही, त्यामुळे खरंच मारलं असं वाटतं. पण टारने स्वतः सांगितलंय: सेटवर पशुवैद्य होता, मांजराला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं आणि नंतर ते टारकडेच राहिलं. लोळवण्याच्या शॉटमध्ये मांजर खरोखर घाबरलेलं दिसतं, हे मान्य. मलाही ते खटकतं, आणि आज कुणी तसं शूट करू नये. पण घाबरवलं म्हणजे मारलं असं कुठे होतं? शिवाय या बोंबाबोंबीत प्रसंगच हरवतो. सख्ख्या भावाने पैशांना फसवलेल्या, घरात कुणी न विचारणाऱ्या त्या पोरीला आपल्यापेक्षा दुबळा जीव एवढाच सापडतो. शेवटी ती स्वतःही विष घेते. एश्टिकेचं काम करणारी एरिका बोक टारच्या शेवटच्या सिनेमातही आहे.

एकच शॉट? 'सातानटँगो'त साधारण दीडशे शॉट आहेत. अवघ्या दोन शॉटचा 'मॅकबेथ' त्याने १९८२मध्ये टीव्हीसाठी केला होता, घोळ तिथूनच झाला असावा. फिल्म स्कूलचं म्हणाल तर पहिला सिनेमा त्याने तिथे जाण्याआधी बेला बालाझ स्टुडिओत केला, एवढंच खरं. नंतर बुडापेस्टच्या नाट्य-चित्रपट अकादमीत तो रीतसर शिकला.

आणि सिनेमा सोडणं. पैशांची ओढाताण होती. निर्मात्याच्या मृत्यूमुळे त्याचा 'द मॅन फ्रॉम लंडन' हा सिनेमा रखडलाही. पण 'द टुरिन हॉर्स' हा आपला शेवटचा सिनेमा, हे त्याने स्वतः ठरवून जाहीर केलं होतं. सांगायचं ते सांगून झालं, आता तेच तेच करायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच सिनेमाला २०११मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ज्यूरीचं ग्रां प्री, म्हणजे रौप्य अस्वल मिळालं. मग २०१३मध्ये त्याने साराजेवोत फिल्म स्कूल काढलं आणि तरुण दिग्दर्शकांना शिकवायला लागला.