स्पंज प्राणी कसा काय? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की या माणसाने माझा स्पंजांवरचा लेख शेवटपर्यंत वाचलाय, एवढं तरी कोण वाचतं आजकाल. तर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, नसा नाहीत, मेंदू तर लांबच राहिला, जागचा हलत नाही, काही स्पंज तर चक्क हिरवे असतात, मग त्याला प्राणी म्हणणं म्हणजे कुठेतरी बसवायचं म्हणून बसवलंय. पुराव्याला तुम्ही आंघोळीच्या जाळीचा फोटोही टाकलाय, 'हे तंतू बघा, वनस्पतीचेच आहेत' असं लिहून. आणि वर मी स्पंजाला 'आपला पूर्वज' म्हटलं ते साफ चूक.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आजचा स्पंज आपला पूर्वज नाही, फार लांबचा चुलत भाऊ म्हणा. प्राण्यांच्या वंशवृक्षाला पहिली फांदी कोणाची फुटली, स्पंजांची की टेनोफोरांची (ते जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक जीव), यावर २००८ पासून जोरात भांडण चालू आहे. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरची जनुकांची मांडणी ताडून पाहिली तर पारडं टेनोफोरांकडे झुकलं, पण सगळ्यांना पटलंय असं नाही. ते वाक्य लेखातून काढलंय.

आता बाकीचं. तुमची यादी सगळी 'नाही'ची आहे हो. तोंड नाही, पोट नाही, चालत नाही, हे सगळं भूछत्रालाही लागू पडतं, म्हणून ते काही वनस्पती ठरत नाही. काय नाही यापेक्षा तो जगतो कसा आणि नातं कोणाशी लागतं हे बघायला हवं ना.

ही शंका काही नवीन नाही, १८२५ च्या सुमारासही लोक याच गोंधळात होते. तेव्हा रॉबर्ट ग्रँट नावाच्या स्कॉटिश माणसाने समुद्राच्या पाण्यात जिवंत स्पंजाचा तुकडा ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता बघत बसला. तर एका भोकातून पाण्याचा झोत बाहेर पडतोय, बारीकसारीक कण उडवत, आणि थांबायचं नावच नाही. बाहेरून कोणी ढकलत नव्हतं, पंप आतच होता. (याच ग्रँटबरोबर पुढे कॉलेजातला डार्विन समुद्रकिनारे धुंडाळत फिरायचा, पण तो विषय वेगळा.)

तो पंप म्हणजे कॉलर पेशी. एकेका पेशीला एक शेपटी, म्हणजे कशाभिका, आणि तिच्याभोवती बारीक काड्यांचं कुंपण, शर्टाच्या ताठ कॉलरसारखं. शेपटी वळवळते, पाणी अंगभरच्या बारीक छिद्रांतून, ऑस्टियांतून, आत ओढलं जातं, त्यातले जिवाणू कुंपणाला अडकतात, पेशी ते गिळते, थोडं स्वतः पचवते आणि बाकीचं आत हिंडणाऱ्या अमीबासारख्या पेशींना देते, आणि उरलेलं पाणी ऑस्क्युलम नावाच्या मोठ्या भोकातून बाहेर. म्हणजे पोट नाही हे खरं, पण खाणं चालूच आहे, दुसऱ्या जिवाला खाऊनच. पुष्कळ स्पंजांत दुसऱ्याचे शुक्राणूही याच पाण्यातून येतात, कॉलर पेशी त्यांना पकडते पण पचवत नाही, अंड्यापर्यंत नेऊन सोडते. मला तर हे वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

हिरव्या रंगाचं म्हणाल तर तो स्पंजाचा नाहीच, आत राहणाऱ्या शैवालांचा आहे. भाडेकरूच्या पगारावरून घरमालकाची नोकरी ठरवू नका. स्पंजाच्या पेशींना वनस्पतीसारखी सेल्युलोजची भिंत नसते, उलट पेशींच्या मधे कोलॅजेन असतं, आपल्या कातडीत असतं तेच.

आणि पेशींची ती भिंत नाही म्हणूनच १९०७ चा तो प्रयोग जमला. विल्सन नावाच्या संशोधकाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, खाली सुट्या पेशींचा गढूळ रस्सा. त्या पेशी सरपटत एकमेकींना शोधत गेल्या, गोळे झाले, आणि गोळ्यांतून पुन्हा छोटे स्पंज उभे राहिले.

हलत नाही म्हणता, पण पिल्लू असताना, म्हणजे डिंभ अवस्थेत, तो पोहतो, मग जागा धरून बसतो. मोठेपणीसुद्धा काही जाती दिवसाला १ ते ४ मिलिमीटर सरकतात. गोड्या पाण्यातल्या एका स्पंजावर गाळ टाकला तर तो फुगतो, मग आकसतो आणि घाण बाहेर टाकतो, म्हणजे शिंकच. नसा नसताना. फक्त या एका शिंकेला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ आपण थांबून बघत नाही.

राहिला तुमचा फोटो. खरा अंघोळीचा स्पंज म्हणजे मेलेल्या प्राण्याचा सांगाडा, स्पंजिन नावाच्या प्रथिनाचा, त्यात असे लांब सरळ दोरे नसतात. तुम्ही जी जाळी दाखवताय ती लूफा आहे, वेलीवरचं वाळलेलं फळ. ती मात्र शंभर टक्के वनस्पती, तिथे माझा काहीच वाद नाही.