चुंबकाला चिकटलं नाही म्हणून मेडल अस्सल ठरत नाही

जालना, हिंगोली, अंबाजोगाई इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. मराठवाड्यात पणजोबांचं मेडल पेटीत जपलेली घरं त्यामुळे आजही सापडतात. अशा घरांसाठी एक मेसेज फिरतोय: "चुंबकाला चिकटत नसेल, काळं पडलेलं असेल, कडेवर नाव असेल, तर मेडल अस्सल. नाव नसेल किंवा चांदीचं नसेल, तर नकली." असल्या सल्ल्यानं खरं मेडल मोडीत जातं.

चांदी, ब्राँझ, तांबं-निकेल यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. पण नकलांचं पितळ आणि जस्तही चिकटत नाही! चुंबक फक्त लोखंडी नक्कल पकडतो. काळेपणाही गंधकाच्या द्रावणानं तासाभरात आणता येतो.

नावाचं प्रकरण जरा खोल आहे. 1914-18 च्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. ते कोरीव नसून ठशानं दाबलेलं असतं. दहापट भिंगाखाली अक्षराच्या काठाला धातू किंचित उचललेला दिसतो. यंत्रानं कोरलेल्या अक्षराचा तळ चकचकीत आणि एकसारखा असतो. जुनं नाव घासून नवं घातलं असेल, तर कड तिथं पातळ होते, म्हणून कॅलिपरनं व्यास चार-पाच ठिकाणी मोजा. तो 36 मिमी हवा. अस्सलावरून साचा काढून ओतलेली नक्कल धातू आकसल्यानं अर्धा मिलिमीटरभर लहान भरते, शिवाय बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेवर कानशीचे ओरखडे दिसतात. पलटणही वाचा. 95, 97 इन्फन्ट्री अशा जुन्या पलटणी एकत्र करून 19 वी हैदराबाद रेजिमेंट 1922 साली झाली. पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर 95 किंवा 97 इन्फन्ट्री शोभते, 19 हैदराबाद दिसली तर शंका घ्या.

कडेवर नाव नाही म्हणून नकली, हे तर सरळ चूक. दुसऱ्या महायुद्धातले बर्मा स्टार, इटली स्टार ही ताऱ्याच्या आकाराची मेडलं ब्रिटिश सैनिकांना बिननावाचीच मिळाली. हिंदी शिपायांच्या स्टारवर नाव घातलं गेलं, पण ते मागच्या बाजूला असतं.

"चांदीचं नाही" म्हणूनही घाई नको. मजूर पलटणींतल्या लोकांना हेच वॉर मेडल ब्राँझचं दिलं गेलं. चांदी तपासायला सोनाराला कसोटीवर घासू देऊ नका, ओरखडा कायमचा राहतो. फीत काढा, मेडल कोरडं तोला. मग 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि मेडल बारीक दोऱ्यानं पूर्ण बुडवून धरा. तळाला वा काठाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. कोरडं वजन भागिले आत्ता दिसणारा आकडा: 10.3 च्या आसपास आलं तर 925 ची (हजारात 925 भाग शुद्ध) चांदी, 8.9 च्या आसपास आलं तर तांबं-निकेल किंवा ब्राँझ. या शेवटच्या दोहोंतला फरक रंगानं कळतो, ब्राँझ तपकिरी असतं.

फितीवरून काहीच ठरवू नका. फिती कुजतात, बदलल्या जातात. अतिनील दिव्याखाली फीत चमकली तर फीत नवी, एवढंच कळतं.